सासूबाईंच्या टायरमधली हवा

‘‘माझ्या नाकाला जे एका फटक्यात कळतं, ते पोलिसांच्या कुत्र्याला निवृत्त होईपर्यंत कळत नाही,’’ अशी माझे साडूभाऊ स्वतःची ओळख करून देतात. समोरचा गप्प राहिला तर पुढचं वाक्य येतं, ‘‘नजर घारीची, कान सशाचे, आणि स्मरणशक्ती...’’ इथे ते हमखास अडकतात, कारण स्मरणशक्ती कोणत्या जनावराची हे त्यांना आठवत नाही.

पोटापाण्यासाठी त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. जन्मभर पडदे विकणाऱ्याला पडद्यामागचं दिसणार नाही तर कुणाला दिसणार, हा त्यांचा युक्तिवाद. दुकानाच्या पाटीखाली ‘खाजगी तपास. पूर्ण गुप्तता’ अशी दुसरी छोटी पाटी आहे, आणि ती गुप्तता इतकी कडक पाळली गेली की आजवर तिथे एकही अशील फिरकलेलं नाही. त्यामुळे त्यांच्या सगळ्या केसेस नात्यातल्याच. माझ्या बायकोचं कानातलं हरवलं तेव्हा त्यांनी शेजारच्या दंतवैद्यावर आठवडाभर पाळत ठेवली. शेवटी ते साडूभाऊंच्याच कोटाच्या खिशात सापडलं. ‘‘खिशापर्यंत पोचलो ना?’’ ते म्हणाले आणि केस यशस्वी म्हणून बंद झाली.

मी त्यांचा सहाय्यक. ही नेमणूक मला विचारून झालेली नाही. त्यांच्या धाकट्या मेव्हणीशी लग्न केलं आणि पद आपोआप पदरात पडलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचे डोळे तपासतो. पण ‘‘तुम्हाला फक्त अक्षरं दिसतात हो, अर्थ दिसत नाही,’’ असं साडूभाऊंचं माझ्याबद्दलचं निदान आहे. असो. आज सांगतोय ती केस आमच्या सासूबाईंच्या गाडीची, आणि तीत मला अर्थ आणि अक्षरं दोन्ही उशिरा दिसली.

सासूबाई आता पासष्टीच्या. लायसन्स त्यांच्याकडे तरुणपणापासून आहे, पण गाडी त्यांनी एकटीने कधी चालवलेली नव्हती. सासरे होते तोवर ते बाजूला बसायचे. सासूबाई गाडी चालवायच्या आणि सासरे सासूबाईंना चालवायचे. ‘‘गिअर. अगं गिअर. आता ब्रेक. ब्रेक म्हणतोय ना!’’ सासरे गेल्यावर ती सीट रिकामी होईल असं कुणालाही वाटलं असतं. तिथे मुली बसल्या. मुलींना वेळ नसला की जावई बसले. साडूभाऊंनी तर बाजूला बसून, नसलेला ब्रेक दाबून दाबून, पायाखालचं रबरी पायपुसणं झिजवून टाकलं आहे.

मग एके दिवशी सासूबाईंनी दोन दारांची छोटी लाल गाडी घेतली आणि गावाबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवायला नाव नोंदवलं. आम्हाला त्यांनी ते विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

‘‘आई, या वयात रेस?’’ माझी बायको म्हणाली.

‘‘रेस नाही गं. आपापली गाडी आपापल्या वेगाने चालवायची. नवख्यांच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधतात, बाजूला प्रशिक्षक बसतो. त्याची खात्री पटली की हिरवी पट्टी. मग शेवटचा राउंड, म्हणजे ट्रॅकच्या पाच-सहा फेऱ्या, एकट्याने मारायचा.’’ त्यांनी रिकाम्या मनगटावरून बोट फिरवलं. ‘‘मला ती हिरवी पट्टी हवीय. एक राउंड. बाजूला कुणी नको.’’

हे इतकं साधं मागणं होतं की ते कुणाच्या पचनी पडेना. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं, आणि थोरलीने निर्णय दिला, ‘‘पण आई एकटी कशी जाणार? हे दोघं येतील बरोबर.’’ अशा रीतीने एकटं राहण्याच्या दिवसासाठी त्यांना दोन माणसांची सोबत देण्यात आली. बहिणी मात्र घरी राहिल्या, आणि त्यांचं ते शहाणपण मला संध्याकाळी कळलं.

वाटेत साडूभाऊ पुढे बसले, मी मागे गुडघे हनुवटीला लावून. ‘‘आई, पुढे ट्रक आहे. आई, आरसा. आई, इंडिकेटर.’’ सासूबाई शांतपणे चालवत होत्या. ट्रॅकवर पोचल्यावर त्यांनी गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली, आम्हाला म्हणाल्या, ‘‘तुम्ही कॉफी घेऊन या,’’ आणि आम्ही परत आलो तर त्या चालकांच्या मीटिंगला निघाल्या होत्या.

शेडमध्ये ओळीने गाड्या उभ्या होत्या. कुणी चाकाचे नट आवळत होतं, कुणी गाडीतल्या सुट्या वस्तू बाहेर काढत होतं. साडूभाऊंनी त्यांची तपासाची बॅग उघडली. तीत भिंग, मोजपट्टी, बोटांचे ठसे उमटवायला बायकोची चेहऱ्याची पावडर आणि हवा मोजायचं मीटर होतं. मीटर कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं. आज त्याचा दिवस उगवला. त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला कागद वाचला, टायरला मीटर लावलं, आणि पटकन उठून चारी दिशांना बघितलं.

‘‘गुन्हा,’’ ते कुजबुजले.

‘‘काय झालं?’’

‘‘कंपनी म्हणते, हवा बत्तीस. टायरमध्ये अठ्ठावीस. चारही टायरमध्ये अठ्ठावीस. काल घरी मी स्वतः मोजली होती, बत्तीस होती. कुणीतरी प्रत्येक टायरमधून अगदी सारखी हवा काढून नेलीय. हे भुरट्याचं काम नाही. हात बसलेला माणूस आहे.’’

‘‘पण हवा चोरून कुणी काय करणार?’’

‘‘हाच प्रश्न तो आपल्याला पडावा म्हणून तर त्याने हवा चोरली!’’

माझा प्रश्नच त्यांचा पुरावा झाला. साडूभाऊंशी वाद घालताना हे नेहमी होतं.

‘‘आईंना विचारू या का?’’ मी म्हणालो.

‘‘पहिला नियम,’’ त्यांनी बोट वर केलं. ‘‘ज्याची चोरी झाली त्याला कधी विचारायचं नाही. तो भावनेच्या भरात खरं सांगून बसतो आणि तपासाची दिशा चुकते. शिवाय या वयात त्यांना धक्का नको. आपण गुपचूप हवा पूर्ववत करायची. पण साधी हवा नाही. खुणेची.’’

त्यांनी आरशाला लटकवलेली लिंबाच्या सुवासाची कुपी काढली, कापसाच्या बोळ्यावर चार थेंब टाकले आणि तो बोळा डिकीतल्या पायपंपाच्या तोंडाशी बसवला. ‘‘आता ही हवा जो चोरेल त्याला लिंबाचा वास येईल. मारा पंप.’’

पंप मी मारला. तपासात अंगमेहनतीचा भाग माझ्याकडे असतो आणि बुद्धीचा त्यांच्याकडे, त्यामुळे थकायला फक्त मलाच होतं. चार टायर बत्तीसवर नेताना माझी पोटरी दगड झाली. कुपी त्यांनी पुरावा म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली. हात त्यांनी पुसले नाहीत, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पहिला राउंड झाला. सासूबाई परत आल्या तेव्हा बाजूला बसलेला प्रशिक्षक, एक सडपातळ, हळू बोलणारा माणूस, कपाळाला आठ्या घालून उतरला. ‘‘काकू, हात चांगलाय तुमचा. पण गाडी वळणावर धरत नाहीये. टायर फार टणक झालेत. हवा किती ठेवलीत सकाळी?’’

‘‘अठ्ठावीस.’’

‘‘अठ्ठावीस ठेवली असती तर अशी घसरली नसती. नीट मोजलीत ना?’’

‘‘मोजली की,’’ सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात पहिल्यांदाच थोडी शंका होती. त्या हेल्मेट ठेवायला आणि पाणी प्यायला आत गेल्या. प्रशिक्षक दुसऱ्या गाडीकडे वळला. साडूभाऊंनी तेवढ्यात मीटर लावलं आणि हातातून पाडलं.

‘‘अडतीस! पुढचा डावा अडतीस. मागचा डावा सदतीस. उजवे दोन्ही छत्तीस.’’

‘‘म्हणजे वाढली?’’

‘‘वाढली! आपण बत्तीस भरली आणि अडतीस निघाली. चोर हवा परत करतोय. व्याजासकट. पश्चात्ताप झालाय त्याला.’’ ते डोळे मिटून उभे राहिले. मोठा निष्कर्ष येण्याआधी ते असेच उभे राहतात आणि बघणाऱ्याला चक्कर येतेय की काय असं वाटतं. ‘‘आणि डाव्या बाजूला जास्त का? कारण त्याचा डावा हात जोराचा आहे. गुन्हेगार डावखुरा आहे!’’

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी डाव्या हाताने कॉफी पीत होतो.

‘‘तुम्ही?’’ त्यांनी माझ्या कपाकडे बोट रोखलं. ‘‘माझेच सहाय्यक?’’

‘‘अहो, मी जन्मापासून डावखुरा आहे.’’

‘‘म्हणजे इतक्या वर्षांची तयारी!’’

मला संशयितांच्या यादीत टाकून, पण पंपाचं काम चालू ठेवण्याच्या अटीवर, त्यांनी पुढचा तपास सुरू केला. सगळ्यांशी हस्तांदोलन करून ओळख वाढवायची आणि मग हात हुंगायचा, अशी पद्धत होती. कॉफीवाल्याच्या हाताला लिंबाचा वास आला. झेंडा दाखवणाऱ्या बाईच्या हाताला आला. गेटवरच्या रखवालदाराच्या हाताला आला. निळ्या गाडीतल्या डॉक्टरांच्या हाताला तर इतका आला की साडूभाऊ हर्षाने त्यांचा हात सोडेनात.

‘‘टोळी आहे,’’ ते मला बाजूला घेऊन म्हणाले. ‘‘अख्खा ट्रॅक सामील आहे.’’

‘‘वास तुमच्या हाताला आहे, साडूभाऊ. तुम्ही ज्याचा हात धरता त्याला तो लागतो.’’

त्यांनी स्वतःचा हात हुंगला आणि चेहरा पांढरा पडला. ‘‘म्हणजे गुन्हेगार माझ्या इतक्या जवळ आला होता!’’

आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई गाडीपाशी नव्हत्या आणि टायरमध्ये चौतीस होती. चारहीमध्ये. साडूभाऊ मटकन स्टुलावर बसले. दिली, आणि परत नेली. त्यांच्या मते हा आता चोर उरला नव्हता, आपल्याशी खेळणारा कुणी हुशार शत्रू होता, आणि इतका हुशार शत्रू मिळाल्याचा त्यांना मनातून आनंदच झाला होता.

मी घरी फोन लावला. बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

‘‘तुम्ही आईला विचारलंत का?’’

‘‘साडूभाऊ म्हणतात, विचारायचं नाही.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणता?’’

‘‘मी पंप मारतो,’’ मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

तोवर साडूभाऊंनी कापसाचा नवा बोळा तयार ठेवला होता. ‘‘शत्रूने चार काढली, आपण सहा घालू. शेवटी त्याची पिशवी कधीतरी भरेलच.’’ मी पंप मारला. का मारला? नाही म्हटलं असतं तर संशय पक्का झाला असता. शिवाय मला टायरमधलं काहीच कळत नाही. हवा जास्त म्हणजे चांगली, एवढंच माझं ज्ञान होतं.

दुसऱ्या राउंडला आम्ही कुंपणापाशी उभे होतो. मोठ्या उजव्या वळणावर लाल गाडी आत यायच्याऐवजी बाहेर बाहेर गेली, गवतात शिरली, एकदा गोल फिरली आणि धुळीच्या लोटात थांबली. कुणाला काही लागलं नव्हतं, पण धोक्याचा पिवळा झेंडा निघाला, आणि गाडी अगदी हळू चालत शेडमध्ये परत आली.

प्रशिक्षक उतरला आणि सासूबाईंच्या खिडकीशी वाकला. रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं.

‘‘काकू, स्पष्ट बोलतो. तुमचं वळण बरोबर होतं, ब्रेक वेळेवर होता. पण टायर तुम्हाला जमत नाहीयेत. अशा हवेवर मी तुम्हाला एकटीला सोडू शकत नाही. तिसरा राउंड करू हवं तर, पण हिरव्या पट्टीचं आज राहू द्या.’’ मग त्याने आमच्याकडे बघितलं, आणि अगदी चांगल्या मनाने म्हणाला, ‘‘जावई आलेत ना बरोबर? हवेचं त्यांच्याकडे सोपवा.’’

सासूबाईंनी बराच वेळ हेल्मेट काढलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. आत त्यांचे डोळे दिसत होते, आणि मी डोळ्यांचा धंदा करतो, त्यामुळे ते भरलेले आहेत हे मला कळलं. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी एक राउंड मागितला होता त्यांनी, आणि तोही पुन्हा बाजूला बसणाऱ्यांच्या हवाली व्हायला निघाला होता.

‘‘बघितलंत?’’ साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले. ‘‘शत्रूचा डाव हाच होता. आईंची पट्टी. आता सापळा.’’

सापळा म्हणजे आम्ही दोघं जुन्या टायरांच्या ढिगामागे उकिडवे बसलो. दोन टायरांच्या मधल्या फटीतून लाल गाडीचं पुढचं चाक दिसत होतं. साडूभाऊंनी ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर एक टायर घेतला होता, आणि तो खाली सरकून त्यांच्या खांद्यावर अडकला होता. काढता येईना, म्हणून ते म्हणाले की असाच बरा आहे.

थोड्या वेळाने पावलं वाजली. चाकाशी कुणीतरी वाकलं. वॉल्व्हचं टोपण काढल्याचा आवाज आला, मग हवेचा फुसकारा, आणि त्याबरोबर लिंबाचा सणसणीत वास. साडूभाऊंना शिंक आली, पण त्यांनी ती बाणेदारपणे दाबली आणि टायरासकट उडी मारली.

‘‘सापडलात! हात वर!’’

समोर सासूबाई. एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वॉल्व्हचं टोपण.

आरडाओरडा ऐकून प्रशिक्षक आला, कॉफीवाला आला, लिंबाचे हात घेऊन डॉक्टर आले. साडूभाऊंनी गळ्यातला टायर सावरला आणि आयुष्यभर ज्याची तयारी केली होती ते भाषण सुरू केलं.

‘‘सकाळपासून या गाडीतली हवा चोरीला जात होती. मी डॉक्टरांवर संशय घेतला. कॉफीवाल्यावर घेतला. माझ्या सख्ख्या साडूवर घेतला. पण सत्य कटू असतं. हवा चोरणारी व्यक्ती दुसरीतिसरी कुणी नसून...’’ त्यांनी टायरासकट मान खाली घातली. ‘‘आई, तुम्ही असं का केलंत?’’

‘‘हवा मीच सोडली,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘कबुली! ऐकलंत सगळ्यांनी?’’

‘‘सकाळीही मीच कमी केली. तुम्ही कॉफीला गेलात तेव्हा.’’ त्या प्रशिक्षकाकडे वळल्या. ‘‘बत्तीस ही रस्त्यावरची. ट्रॅकवर टायर तापतो, तापला की आतली हवा फुगते आणि आकडा आपोआप पाच-सहाने वर जातो. म्हणून थंड असताना अठ्ठावीस ठेवायची, म्हणजे गरम झाल्यावर चौतीसच्या आत राहते. परत आलं की गरम असतानाच मोजायची आणि जास्तीची सोडून द्यायची. बरोबर ना?’’

‘‘अगदी बरोबर,’’ प्रशिक्षक म्हणाला. त्याच्या आठ्या उलगडायला लागल्या होत्या.

‘‘हे तुम्हाला कसं कळलं?’’ साडूभाऊंनी दरडावून विचारलं.

‘‘गेल्या आठवड्यात इथे फोन करून विचारलं.’’

साडूभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तपासाची ही पद्धत त्यांना पूर्णपणे नवी होती.

‘‘मला फक्त एक कळत नाहीये,’’ सासूबाई पुढे म्हणाल्या. ‘‘मी अठ्ठावीस ठेवली आणि ती अडतीसला पोचली. चौतीसवर आणून ठेवली तर पुन्हा वाढलेली. मला वाटलं माझं मीटर बिघडलं, मग वाटलं मीच म्हातारी झाले. कुणीतरी मधे हवा भरत असणार. आणि टायरमधून लिंबाचा वास का येतोय?’’

सगळ्यांनी गाडीच्या आरशाकडे बघितलं. तिथे नुसता दोरा लोंबत होता. मग सगळ्यांनी साडूभाऊंच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, जो कुपीने फुगला होता. डॉक्टरांनी स्वतःचा हात हुंगला.

‘‘भरली मी,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे भरायला यांनी लावली. पाय माझा.’’

‘‘कुठला पाय?’’ साडूभाऊ एकदम सावध झाले.

‘‘डावा.’’

‘‘बघा!’’ ते सर्वांकडे वळले. ‘‘मी म्हटलं नव्हतं? गुन्हेगार डावखुरा!’’

‘‘डावीकडे जास्त वाढते ती ट्रॅकमुळे,’’ प्रशिक्षक हळूच म्हणाला. ‘‘इथली बहुतेक वळणं उजवी आहेत. गाडीचा भार डाव्या टायरांवर पडतो, ते जास्त तापतात. पंप कुणीही मारला तरी.’’

‘‘तो एक तपशील झाला,’’ साडूभाऊ म्हणाले.

प्रशिक्षकाने टोपी काढली. ‘‘काकू, माफ करा. टायर तुम्हाला जमत नाहीत म्हणालो. तुमच्याइतकं नीट जमलेला नवखा मी फार दिवसांत बघितला नाही. तिसरा राउंड करू. नीट झाला तर पट्टी तुमची.’’

‘‘आणि हवेचं?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘जावयांकडे सोपवू ना?’’

प्रशिक्षक इतका हसला की त्याला गाडीचा आधार घ्यावा लागला. आमच्याकडचा पंप, मीटर आणि कुपी जप्त झाली. आम्हाला दोन स्टुलं मिळाली आणि त्यांवरून न हलण्याची सूचना मिळाली. साडूभाऊंच्या गळ्यातला टायर काढायला कॉफीवाला आणि डॉक्टर असे दोघं लागले, आणि त्यांनी तो काढण्यात जरुरीपेक्षा जास्त जोर लावला असं मला वाटलं.

तिसऱ्या राउंडला लाल गाडी त्याच मोठ्या वळणावर आली आणि रेघ मारावी तशी आत वळून निघून गेली. प्रत्येक फेरीला तशीच. परत आल्यावर सासूबाईंनी चारही टायर मोजले, जरा जरा हवा सोडली, आणि मनगट पुढे केलं. प्रशिक्षकाने पिवळी पट्टी कापली आणि हिरवी बांधली.

शेवटच्या राउंडच्या आधी साडूभाऊ स्टुलावरून उठले. ‘‘आई, मी बाजूला बसतो. बोलणार नाही. फक्त निरीक्षण.’’

‘‘बसा,’’ सासूबाई म्हणाल्या. साडूभाऊ लगबगीने गाडीकडे निघाले. ‘‘स्टुलावर,’’ त्यांनी वाक्य पूर्ण केलं, आणि काच वर केली.

कुंपणावरून मी बघत होतो. त्या काही सगळ्यांत वेगात नव्हत्या. निळ्या गाडीतल्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा मागे टाकलं आणि दोन्ही वेळा त्यांनी हात दाखवून सभ्यपणे वाट दिली. पण आमच्यासमोरून जाताना बाजूची सीट प्रत्येक वेळी रिकामी दिसायची, आणि त्या गाडीत एकट्याच हसताना दिसायच्या. मी रुमाल काढला. साडूभाऊ म्हणाले की त्यांच्या डोळ्यात धूळ गेलीय, आणि त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव विधान मी तपासून बघितलं नाही.

संध्याकाळी टायर गार झाल्यावर सासूबाईंनी पंप आमच्यापुढे ठेवला. ‘‘आता रस्त्यासाठी बत्तीस करा.’’ साडूभाऊंनी पंप माझ्याकडे सरकवला. ‘‘तुम्ही मारा,’’ सासूबाई त्यांना म्हणाल्या. त्यांनी चारही टायर भरले, दर वेळी ‘‘आई, झाली का?’’ असं विचारत. विचारायला त्यांना फारसं जड गेलं नाही. सवय नव्हती इतकंच.

मग सासूबाई गाडीत बसल्या, इंजिन सुरू केलं आणि काच खाली केली.

‘‘मोठे जावई.’’

‘‘बोला, आई!’’ साडूभाऊ बाजूच्या दाराकडे धावले, दार उघडलं, एक पाय आत घातला.

‘‘ही सीट रिकामी आहे म्हणून विचारते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या बॅगा ठेवू का इथे? बसमध्ये तुम्हाला ओझं होईल.’’

साडूभाऊंनी पाय बाहेर काढला. मी दोन्ही बॅगा सीटवर ठेवल्या. सासूबाईंनी त्यांना पट्टा लावला, इंडिकेटर दिला, आरसा बघितला, आणि कुणीही न सांगता गेटमधून बाहेर पडल्या.

आम्ही दोन बस बदलून घरी पोचलो. सासूबाई जेवून कधीच्या आरामात बसल्या होत्या, मनगटावर हिरवी पट्टी तशीच होती. साडूभाऊंनी दारातूनच विचारलं, ‘‘आई, प्रवास कसा झाला?’’

‘‘छान झाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बॅगांनी वाटेत एकदाही ब्रेक मारायला सांगितलं नाही.’’